कारभारीची कात्री

अंकुशनगरच्या आसपास मोसंबीची छाटणी म्हटली की पहिलं नाव निघायचं ते कारभारीचं. त्याच्या कात्रीचा तोरा तर औरच. पाणी लागलं की धार जाते, असा त्याचा पक्का समज. म्हणून तीस वर्षं तो पाती नुसती तेलाच्या फडक्यानं पुसत आला होता.

यंदा सगुणाबाईंची बाग शेंड्याकडून वाळत चालली. नवरा गेल्यावर बाईंनी एकटीनं जपलेली, दरसाल कारभारीनंच छाटलेली दोनशे झाडं. गावानं लगेच न्याय करून टाकला, की बाईमाणसाला पाण्याचं जमलं नाही. बिचारीनंही ते खरं मानलं आणि बाग उपटायला जेसीबी सांगितला. कारभारीला ते बघवेना. जेसीबी पंधरा दिवस थांबवायला लावून तो सगळ्यांत वाळकी फांदी घेऊन नवीन जालन्यातल्या प्रयोगशाळेत गेला.

तिथं झाडांचे रोग तपासणाऱ्या अर्पिता मॅडमनी फांदी परत केली. "काका, मेलेल्या लाकडावर कुठलीही बुरशी येऊन बसते. हिरवं संपून वाळकं सुरू होतं, तिथला तुकडा आणा. आणि कात्रीपण आणा."

कात्री दाखवायला मिळणार म्हणून कारभारी खूशच झाला. दुसऱ्याच दिवशी दोन्ही देऊन आला.

आठवड्यानं मॅडमनी काचेच्या दोन बश्या पुढं ठेवल्या. दोन्हींत कापसासारखी, मधे काळवंडलेली बुरशी.

"ही फांदीतली. ही तुमच्या पात्यावरची. एकच आहे."

"म्हंजे मीच पसरवून राह्यलो?"

"नकळत, काका. पण बाग वाचेल. खाली हिरव्यात कापा, कापल्या जागी मोरचूद-चुना लावा आणि दर झाडानंतर पाती ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवा."

परतीच्या एसटीत कात्री मांडीवर घेऊन तो मनाशी हिशेब करत होता. बुरशी होती, इलाज मिळाला, एवढंच सांगितलं असतं तरी बाग वाचली असती आणि त्याचं नावही. पण मग दोष बाईंच्या माथी तसाच राहिला असता.

बागेत शेजारीपाजारी जमले होते. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "वहिनी, तुमचं पाणी बराबर व्हतं. रोग माझ्या कात्रीनं आणला."

"मंग मी न्हाई मारली बाग?"

"न्हाई."

सगुणाबाई बांधावर बसून पोटभर रडल्या. मग उठल्या आणि त्यानं येताच कालवून ठेवलेली ब्लीचिंगची बादली त्यांनी स्वतःच त्याच्यापुढं आणून ठेवली.

"बघत काय राह्यले, भाऊ? तुम्हीच छाटा."

कारभारीनं तीस वर्षांची कोरडी कात्री मुठीपर्यंत पाण्यात बुडवली.