झिपरी धावत घरी आली

मित्रांनो, मी एक म्हातारी कुत्री आहे. माझं नाव झिपरी. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी आमचा वारल्यांचा पाडा आहे. माझे दात पडले, एका डोळ्याला दिसत नाही. नाक मात्र अजून चालतं.

ओढ्याकाठी कुणीतरी पोत्यात भरून टाकलेल्या पिल्लांतली मी एकटीच जगले होते. पाड्यातल्या सुकीने मला पदरात घालून घरी आणलं आणि थोडी मोठी झाल्यावर रानात नेऊ लागली. सुकी कधी वाट चुकली नाही. जाताना ती कुड्याच्या फांद्या मोडून त्यांची टोकं घराकडे वळवून ठेवायची. दुपारचा वारा समुद्राकडून येतो, म्हणून परतताना तो तोंडावर घ्यायची. एक वारूळ, एक दुभंगलेलं ऐनाचं झाड, ओढ्याचा आवाज. एवढ्यावर सारा डोंगर तिला पाठ होता. मी वासावर चालायचे.

"माझे डोळे नि झिपरीचं नाक," ती सुनेला, जयश्रीला सांगायची. "आम्ही कशा चुकू?"

ते ऐकून माझी शेपटी थांबायची नाही.

२०१७च्या उन्हाळ्यात मुरूम काढायला डोंगरावर यंत्रं आली. त्यानंतर सुकी तापाने पडली, म्हणून बरेच दिवस आम्ही वर गेलोच नाही. श्रावणात बरं वाटल्यावर ती बांबूचे कोवळे कोंब आणायला निघाली.

"आये, धुकं हाय. उद्या जा ना," जयश्री म्हणाली.

"मला डोंगर काय नवा हाय?" सुकी हसली.

वर पोहोचल्यावर ती थबकली. ऐन नव्हता. वारूळ नव्हतं. नुसती उघडी लाल माती. मलाही डिझेलशिवाय कशाचा वास येईना.

"झिपरे, कुठं आलो गो आपण?"

असं तिने मला कधी विचारलं नव्हतं. ती दोन पावलं पुढे गेली आणि पायाखालची कड सुटली.

खाली खाणीच्या खड्ड्यात ती पडली. पाय मोडला होता. पाणी घोट्याएवढं होतं. मी घसरत तिच्यापाशी गेले.

"घरी जा," ती कण्हत म्हणाली. "लाहूला आण."

एव्हाना सुरू झालेल्या पावसाने आमचा वास धुऊन नेला होता. मी कशीबशी वर चढले आणि ओढ्याचा आवाज धरून धावले. सुकीचा मुलगा लाहू कामावर गेला होता, घरी जयश्री एकटीच होती. मी तिचा पदर ओढला.

"भूक लागली गो?" म्हणत तिने भाकर टाकली.

मी भाकरीला तोंड लावलं नाही. दारापर्यंत जायचे, मागे वळायचे, भुंकायचे. पाऊस वाढत होता. शेवटी वैतागून तिने मला खांबाला बांधलं.

संध्याकाळी लाहू आला. "आये कुठं? नि ही एकटीच कशी आली?"

जयश्रीच्या हातातलं भांडं खाली पडलं. लाहूने दोरी कापली. पाड्यातली माणसं माझ्यामागे धावली. खड्डा काठोकाठ भरला होता. लाहूने उडी मारली आणि आईला वर काढलं. ती थंडगार पडली होती.

यंत्रं आठ दिवस थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

मला कुणी बोल लावला नाही. जयश्री मात्र माझ्या गळ्यात पडून रडली. "तू सांगत होतीस गो," एवढंच म्हणत राहिली.

मित्रांनो, आम्हाला वाट सापडते, पण ती बोलून सांगता येत नाही. कधी एखादा मुका जीव तुमचा पदर ओढू लागला, तर त्याला बांधू नका. हातातलं काम ठेवा आणि त्याच्यामागे चला.