वर केलेले हात

"आत्या, खरं सांग. या जाहिरातीवर तू स्वतः किती वेळा क्लिक केलंस?"

बाई फळा पुसत होत्या. फळ्यावर काही नव्हतेच, पण चौतीस वर्षांची सवय होती.

"दिसली की करते," त्या म्हणाल्या. "बातम्या वाचताना दिसते, हवामान बघताना दिसते. आपलीच जाहिरात, तिला ओळख न दाखवता कशी पुढे जाऊ?"

"म्हणजे रोज?"

"रोज दहा-बारा वेळा. का गं, चुकलं?"

भाचीने कपाळावर हात मारला. ती जाहिरातीच्या ऑफिसात कामाला होती. बाईंच्या शिकवणीला पोरे मिळेनात, म्हणून तिनेच ही छोटी चौकट करून दिली होती: 'गणिताची भीती वाटते? बाईंकडे या.' तिच्यावर क्लिक केले की बाईंच्या वर्गाचा जुना फोटो उघडे आणि त्याखाली मुलाचे नाव, वय, फोन नंबर भरायला जागा. असा भरून आलेला नंबर म्हणजे लीड. त्याला फोन करायचा आणि पोर वर्गात आणायचे, एवढे बाईंना समजले होते. महिनाअखेरपर्यंत एकही पोर आले नाही, तर भाऊ ही खालची खोली टायरवाल्याला गोदामासाठी देणार, हेही समजले होते. भावाने दोन वर्षे कळ काढली होती. त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता.

"अगं, ते यंत्र शिकतं," भाची म्हणाली. "कोण क्लिक करतंय ते बघतं आणि तशाच माणसांच्या मागे लागतं. त्याला वाटलं, सकाळी हवामान बघायचं, दुपारी गुडघ्यांचे व्यायाम शोधायचे, अशा बायकांनाच ही शिकवणी हवीय. हे बघ आलेले फॉर्म. मुलाचं वय, अडुसष्ट. मुलाचं वय, चौऱ्याहत्तर. मुलाचं वय, एकाहत्तर!"

"मुलं जरा थोराड आहेत," बाई म्हणाल्या.

दोघी पोट धरून हसल्या. मग भाचीचे हसू ओसरले.

"जाहिरातीची मुदत संपली, आत्या. महिनाही संपतोय परवा. बाबांशी बोलू का मी?"

"नको. ठरलं ते ठरलं."

"पण रोज इतक्यांदा बघायचीस तरी काय त्यात?"

बाईंनी पुन्हा डस्टर उचलले.

त्या फोटोत चाळीस मुले होती आणि सगळ्यांचे हात वर होते. बाईंच्या वर्गात एकच नियम होता. उत्तर आले तरी ओरडायचे नाही. हात वर करायचा आणि थांबायचे, म्हणजे मागच्या बाकावरच्यालाही विचार करायला सवड मिळते. त्या चाळीसांतला कुठला हात कोणाचा, ते बाईंना अजून सांगता आले असते. शाईने माखलेला, कोपरात वाकलेला, खिडकीजवळचा तो नेहमी सगळ्यांत शेवटी उठणारा. हे भाचीला काय सांगणार?

भाची गेल्यावर त्यांनी तिन्ही नंबर फिरवले. पहिली म्हणाली, चुकून बोट लागलं. दुसरीने फोन उचललाच नाही. तिसरा फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"मी गणिताच्या बाई बोलतेय. तुम्ही वय एकाहत्तर लिहिलंय. नातवाचं लिहायचं होतं ना?"

"नाही हो, माझंच. तिथे 'मुलाचं वय' एवढीच जागा होती, मग तीच भरली." पलीकडचा आवाज जरा लाजला. "आमच्या वर्गात भागाकार सुरू व्हायचा होता ना, त्याच आठवड्यात घरच्यांनी माझं नाव काढलं. धाकट्यांना सांभाळायला. तो राहूनच गेला बघा."

बाईंनी पत्ता विचारला. ते गाव रेल्वेने नऊ तासांवर होते.

"मग कसं जमायचं हो?"

"असू दे, बाई. फोन केलात, तेवढंच. आज दिवसभरात कोणाशी बोलले नव्हते."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कागद-पेन्सिल आहे का जवळ?"

"आत्ता?"

"आत्ता नको. परवा. चार वाजता."

ठरल्या दिवशी दुपारपर्यंत बाके गेली. भावाने स्वतः उभे राहून ती जपून उचलवली आणि बहिणीकडे न बघता "चहा घ्यायला वर ये गं" म्हणाला. फळा भिंतीतच बसवलेला होता, म्हणून तो राहिला. टायर दुसऱ्या दिवशी येणार होते.

चार वाजता बाईंनी फोन लावून खिडकीत ठेवला, आवाज मोठा केला आणि फळ्यावर ठळक अक्षरांत लिहीत मोठ्याने वाचले: शहाण्णव भागिले आठ.

"आधी नुसता नऊ बघायचा. त्यात आठ किती वेळा जातात? मग जे उरेल त्याच्या शेजारी वरचा सहा खाली घ्यायचा. घाई नाही. उत्तर आलं की हात वर."

सवयीने बोलून गेल्या आणि खडू हातात तसाच राहिला. बाई मागे वळल्या. बाकांच्या जागी फरशीवर फिकट चौकोन उरले होते. खोलीत कसलाच आवाज नव्हता. फोनमधूनही नाही. त्या बराच वेळ थांबल्या.

"झालं का हो?" शेवटी त्यांनी विचारले.

"केव्हाचा हात वर केलाय, बाई."

बाईंनी खिडकीकडे पाहिले.

"हं," त्या म्हणाल्या, "खिडकीजवळची, तू सांग."