सगुणच्या गुडघ्यातली गादी

मी एक जुनी गादी आहे. पाठ टेकायची नव्हे हं मित्रांनो, माणसाच्या गुडघ्यात बसायची! दिसायला काजूगरासारखी वाकडी, त्याहून जराशी मोठी. सध्या इस्पितळातल्या एका काचेच्या बरणीत पडून आहे.

गोव्यातल्या तुये गावच्या एका कारखान्यात मऊ पण चिवट प्लास्टिकपासून मला घडवले. यंत्राने मला दाबले, पिळले, रगडले. मी हूं की चूं केले नाही. पण यंत्राला कुठे दुखते? माझी खरी परीक्षा माणसाच्या गुडघ्यातच व्हायची होती.

तो गुडघा पेडण्याच्या सगुणचा. सगुण पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. एकदा उतरताना त्याचा पाय मुरगळला आणि गुडघ्यातली जन्माची गादी फाटली. फाटका भाग काढला, तरी दुखणे त्याची पाठ सोडीना. माड सोडला तर त्याला दुसरे कसलेच काम येत नव्हते.

डॉक्टर तनयांनी त्याला माझ्याविषयी सांगितले. "सगुणबाब, ही वस्तू आमी अजून पारखतांव. दुखल्यार दुखता म्हणात. तुमचें उतर, तुमचो शब्द, हेंच आमचें माप."

सगुणने देवाला कौल लावला. देवाच्या अंगावर लावलेल्या पाकळ्यांतली उजवीकडची आधी गळली, म्हणजे देवाचा होकार! मगच तो शस्त्रक्रियेला तयार झाला.

सुरुवातीचे महिने सुखाचे गेले. डॉक्टरांच्या परवानगीने तो पहिल्यांदा माडावर चढला, तेव्हा खाली बायको कमलाक्षी हात जोडून उभी होती. "देवान राखलो," असे तो भेटेल त्याला सांगत सुटला. माझे नाव कोणी घेतले नाही, पण मी मनातून फुलले होते.

मग एके दिवशी माडाला पाय आवळताना माझा टाका सुटला आणि मी सरकले. माझी कड हाडावर घासू लागली. सगुण ओठ चावून खाली उतरला.

"डॉक्टराक सांगा मरे," कमलाक्षी म्हणाली.

"देवान उजवो कौल दिल्लो. आता दुखता म्हणून सांगू? देवाक उणेपण येतला!"

तनयांचा फोन आला की तो हसून म्हणे, "एकदम बरें आसा." तपासणीला जायचेही तो टाळू लागला. मी आत घासत राहिले. मला फार वाईट वाटत होते, पण थांबणे माझ्या हाती नव्हते.

शेवटी अंगणातून ओसरीवर चढतानाच तो कोसळला. मला बाहेर काढले, तेव्हा हाड खरवडून निघाले होते. तनयांनी मला या बरणीत ठेवले. मग म्हणाल्या, "पयलींच सांगिल्लें जाल्यार परत टाको घालपाक मेळटालो. आतां माड ना, सगुणबाब."

कमलाक्षीच्या डोळ्यांना धार लागली. "देवान कापूक हय म्हटल्लां," ती नवऱ्याला म्हणाली, "ओगी गप्प रावाक न्हय!"

सगुणने भिंतीकडे तोंड फिरवले.

मित्रांनो, माझ्यासारख्या नव्या गाद्या अजून घडतील, अजून पारखल्या जातील. त्या तुमच्या माणसांच्या अंगात बसतील. दुखले तर दुखते म्हणून सांगा. देव त्याने लहान होत नाही. मला तोंड नव्हते, सगुणला होते.