घरचंच खावं

जर्मनीहून अभिमन्यू मोहोळच्या घरी पोचला, तेव्हा ओसरीवर शेजारपाजार जमला होता आणि जो तो गोऱ्यांच्या खाण्याला नावं ठेवत होता. कंपनीच्या ट्रेनिंगला गेलेला पोरगा पाचव्या दिवशी जुलाब-उलट्यांनी दवाखान्यात पडला, म्हणजे दोष तिथल्या अन्नाचाच!

"काय सडकं घातलं रं माझ्या लेकराला?" त्याला कवटाळत आई, रंभाबाई, म्हणाली.

 अभिमन्यूनं तिथलं काही खाल्लंच नव्हतं. आईनं तव्यावरून काढून गरमागरमच प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली धपाटी तो पुरवून पुरवून खात होता. पाचव्या दिवशी मोडलं तर धपाट्याला तार सुटली, आंबूस भपकारा नाकात गेला. आईच्या हातचं टाकायचं कसं, म्हणून नाक दाबून तेही त्यानं गिळलं. पुढं नर्सनं ती पिशवी चिमटीत धरून कचऱ्यात टाकली, तेव्हा त्याला स्वतःचीच शिसारी आली होती.

"म्हणून म्हणते, घरचंच खावं की," रंभाबाई म्हणाली आणि दुपारच्या गाडीनं बंगळुरूला परीक्षेला निघालेल्या लेकीसाठी वाफाळती धपाटी पिशवीत कोंबू लागली.

पिशवी आतून घामेजली. अभिमन्यूनं तिचा हात धरला.

"आई, थंड तरी होऊ दे! माझं पोट ह्याच धपाट्यांनी नासलं!"

 रंभाबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

"बगा, मेल्यांनी डोस्कंबी नासवलं लेकराचं!"

आणि तिनं पिशवीला करकचून गाठ मारली.