टबापुरती जागा

चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ कोणी वाचायचा, याची वर्षभराची यादी मंडळीच्या सेक्रेटरीबाई जानेवारीतच फळ्यावर लावत. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. यादीत बदल हवा असेल तर मरण किंवा बाळंतपण, एवढी दोनच कारणं त्या ऐकून घेत. फरशीवाल्यांना यातलं एकही ऐनवेळी जमण्यासारखं नव्हतं.

त्यांच्या वाट्याला आला होता तो धनवान तरुण. धावत येतो, येशूपुढे गुडघे टेकतो, सार्वकालिक जीवनाचं विचारतो, आणि असेल नसेल ते विकून गरिबांना दे म्हटल्यावर तोंड पाडून निघून जातो.

"मुद्दाम दिलाय हा मला," फरशीवाले बायकोला म्हणाले.

"अहो, यादी लागली तेव्हा तुमच्या डोक्यात टब तरी होता का?"

नव्हता. टब नंतर शिरला. फरशीवाल्यांचं दुकान चांगलं दोन मजली होतं. फरशा, नळ, बेसिनं, सगळं. पण शहरातल्या मोठ्या दुकानांत हल्ली अख्खं न्हाणीघर मांडून दाखवतात, मधोमध पांढराशुभ्र टब ठेवून. त्यात कोणी कधी अंघोळ करत नाही. तो नुसता बघायचा असतो. असा टब आपल्याकडेही हवा, असं फरशीवाल्यांनी मनात घेतलं होतं, आणि जागा एकच होती: भिंतीपलीकडचा घड्याळवाल्या काकांचा गाळा. इमारत फरशीवाल्यांची, काका तीस वर्षांचे भाडेकरू. शिवाय त्याच मंडळीतले, त्याच बाकावरचे.

टबासाठी भिंत पाडायची आहे, तरी दोन महिन्यांत गाळा रिकामा करावा, असं पत्र वकिलाने लिहून दिलं होतं. ते टपालाने पाठवणं फरशीवाल्यांना बरं वाटेना. उपासनेनंतर आपल्या हाताने द्यावं, तेव्हा माणसाचं मन मऊ असतं, असा त्यांचा हिशेब. कोणाचं मन, हे त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं. पाकीट पवित्र शास्त्रात ठेवून ते निघाले.

प्रार्थनामंदिरात त्यांना बाकावर स्वस्थ बसवेना. चष्मा पुसला, परत पुसला. शेजारी काका निवांत. "भाऊ, कॉलर टोचतेय का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही हो."

"मग बूट असतील."

नाव पुकारलं गेलं. फरशीवाले उभे राहिले, पान उघडलं, आणि अक्षरांच्या मुंग्या झाल्या. दुकानात दरपत्रक वाचताना ते ओळीखाली पट्टी धरत. तीस वर्षांची सवय. इथे पट्टी नव्हती, पाकीट होतं. त्यांनी ते ओळीखाली धरलं आणि एकेक ओळ खाली सरकवत वाचू लागले. आवाज खणखणीत लागला. तरुण म्हणाला, हे सगळं मी लहानपणापासून पाळलंय. पाकीट सरकलं. तुझ्यात एक गोष्ट कमी आहे. पाकीट सरकलं. विक, दे, ये, माझ्यामागे चल. शेवटी तरुण खिन्न होऊन गेला आणि फरशीवाले घाम पुसत जागेवर येऊन बसले.

पाळकांचं प्रवचन त्यांना ऐकूच आलं नाही. उपासना संपली, लोक दाराकडे वळले, तेव्हा त्यांनी पाकीट हातात घेतलं.

"काका, जरा..."

"वाचलंत झकास," काका म्हणाले. "फक्त एक ओळ खाल्लीत."

"कुठली?"

"विक म्हणण्याआधीची. येशूनं त्याच्याकडे बघितलं आणि त्याला त्याच्याबद्दल प्रेम वाटलं. ती गेली, तर नुसती वसुली वाटते हो. तुम्ही काही म्हणत होतात?"

"नाही. हे आपलं पानात ठेवायला."

"खुणेला एवढं जाड पाकीट?"

घरी बायकोने विचारलं, "दिलंत?"

"वाढ जेवायला."

जेवण जाईना. त्यांनी ते पान काढलं. ओळ होती, चांगली ठसठशीत. पाकीट एकाऐवजी दोन ओळी सरकलं होतं. एवढी वर्षं हा तरुण त्यांनी ऐकला, पण त्याला कोणी आधी नीट बघितलं होतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते घरभर फिरत राहिले. बायको म्हणाली, "फरशी झिजेल."

सोमवारी सकाळी नकाशावाला भिंत मोजायला टेप घेऊन आला. फरशीवाले म्हणाले, "भिंत राहू दे."

"मग टब कुठे बसणार साहेब?"

"बसणार नाही."

"उभा करायचा?"

त्याला तसाच सोडून ते शेजारच्या गाळ्यात गेले. काका डोळ्याला भिंग लावून एका बायकी घड्याळाच्या पोटात बघत होते. फरशीवाल्यांनी पाकीट पुढे केलं. "हे काल द्यायचं होतं. आता द्यायचं नाहीये. पण वाचा."

काकांनी भिंग न काढताच पत्र वाचलं. सावकाश वाचलं. मग घडी घालून परत दिलं. फरशीवाले समोरच्या स्टुलावर बसले.

"'स्नेहपूर्वक' लिहिलंय," काका म्हणाले.

"वकिलाची भाषा."

"भिंत?"

"राहील."

काकांनी मान डोलावली.  हातातला चिमटा खाली ठेवला. मग म्हणाले, "आणि बाकीचं?"

"बाकीचं काय?"

"परवापर्यंत ठीक होतं भाऊ. पण काल तुम्हीच वाचून दाखवलंत. त्यात टबाचं काही नव्हतं."

 फरशीवाल्यांना वाटलं होतं, एक भिंत सोडली की जीव भांड्यात पडेल. उलट आता दुकान आठवलं, मग इमारत, मग वरचा मजला, सगळं एकेक करून समोर उभं राहायला लागलं. चारी भिंतींवर घड्याळं टिकटिकत होती, कुठलीच दोन सारखी वेळ दाखवत नव्हती. दुकानातून नकाशावाला हाका मारत होता. उठायला कारण चांगलं होतं.

शास्त्रपाठातला तरुण इथवर आला होता, आणि उठून गेला होता.

फरशीवाल्यांनी स्टूल थोडं पुढे ओढलं. ते अजून उठले नव्हते.