मोठं अक्षर नराचं

माझ्या आत्याने सव्वीस वर्षं रानात बसून पक्ष्यांचे आवाज टिपले. मग टेपवरचं सगळं तिने स्वतःच संग्रहालयाच्या जुन्या लिनक्स मशीनवर चढवलं. एका पक्ष्याच्या दोन फाइली, इंग्रजी नाव तेच; पहिलं अक्षर मोठं असेल तर आवाज नराचा, लहान असेल तर मादीचा. त्या मशीनला हा फरक कळायचा.

संग्रह विंडोजवर हलवायला आलेल्या सल्लागाराला तो कळला नाही. समोरच्याचं ऐकून घेणं हा माणूस कमीपणाचं मानायचा.

"अक्षरांकडे लक्ष ठेवा, मोठं वेगळं, लहान वेगळं," आत्या त्याला म्हणाली.

"आजी, नाव तेच तर फाइल तीच," तो मान न वळवता म्हणाला. "अक्षर मोठं काय नि लहान काय."

आजी म्हटल्याचं आत्याला काही वाटलं नाही. अडाणी समजल्याचं वाटलं.

विंडोजला मोठं-लहान अक्षर सारखंच. तरी कॉपी होताना बिचाऱ्याने विचारलं होतं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? याने 'सगळ्यांना हो' दाबलं आणि चहाला गेला. दुसऱ्या दिवशी जुनं मशीन पुसून टाकलं. वर अहवालात लिहिलं, 'चारशे बारा दुबार फाइली काढून जागा वाचवली.' बैठकीत संचालकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढं त्यांना छान जमतं.

"घुबडाचा नर लावा," बैठकीला बोलावलेली आत्या म्हणाली.

पडद्यावर मोठ्या अक्षराचं नाव आलं आणि मादी चिरकली.

"नर कुठाय?"

"फारसा फरक नाही जाणवत," सल्लागार म्हणाला.

"घुबडाला जाणवतो."

संचालकांनी घसा खाकरून विचारलं, "बाई, तुमच्याकडे मूळ टेप असतील ना?"

"आहेत. आधी यांनी अहवालात स्वतःच्या हाताने लिहावं, नर मी पुसले."

त्याने लिहिलं नाही. 'तांत्रिक विसंगती' असं काहीतरी पुटपुटला आणि महिन्याभरात दुसऱ्या संग्रहालयाचं वाटोळं करायला गेला.

टेप आत्याच्या पलंगाखाली होत्या. आम्ही दोघींनी तिच्या स्वयंपाकघरात बसून आठ महिने सगळं पुन्हा चढवलं. या वेळी तिने प्रत्येक नावापुढे 'नर' किंवा 'मादी' असं पूर्ण लिहायला लावलं.

"एवढं लांबलचक कशाला?" मी कंटाळून विचारलं.

"उद्या तसलाच कोणी येईल," ती म्हणाली आणि पुढची टेप लावली.