धक्क्यावरची सात ओळींची पाटी

मुलांनो, डोळे मिटा आणि आमचं बंदर समोर आणा. मासळीचा कारखाना, त्यामागे टेकडी आणि धक्क्यावर भूकंप झाला तर काय करायचं ते सांगणारी एक इंग्रजी पाटी. कारखान्यात फिलिपिन्सच्या बायका काम करत. त्यांच्यासाठी ती पाटी मीच लिहिली होती, कारण शाळेत इंग्रजी मी शिकवत असे. सात ओळींचं ते भारदस्त इंग्रजी माझं मलाच फार आवडलं होतं.

मोठा भूकंप झाला तेव्हा लिगाया नावाची कामगार मुलगी पाटी वाचत उभी राहिली. मी टेकडीवरून हाका मारत होतो. तिची सातवी ओळ संपण्याआधी लाट आली.

लाटेने कारखाना नेला, पाटी मात्र राहिली. तेव्हापासून रोज पहाटे तिच्यासमोर दोन ओली, अनवाणी पावलं उमटलेली असत. ती कधीच पुढे जात नसत.

एकदा माझी नात कोहारू सोबत आली.

"आजोबा, ती अजून इथेच का?"

"वाचतेय गं."

"अजून? सूचना लिहिलीत की भाषण ठोकलंत? तिने करायचं काय होतं?"

"टेकडीवर पळायचं."

"मग तेवढंच लिहा ना!"

मी जुन्या ओळींवर रंग फासला आणि अगदी सोप्या इंग्रजीत लिहिलं, 'जमीन हलली? टेकडीवर पळा.'

दुसऱ्या पहाटे ओली पावलं पाटीपासून थेट टेकडीवर गेली होती. कोहारू घरी धावली. कोरडा टॉवेल आणि आईच्या चपला घेऊन ती वर चढली आणि शेवटच्या पावलापाशी नीट जुळवून ठेवून आली.